तालुक्याच्या गावात जुनं ब्रॉडबँड परवडतं का? एका साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न करताना

पीएचडीसाठी सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांकडून एक शीर्षक हमखास ऐकायला मिळतं: ‘ग्रामीण भागातील लहान इंटरनेट सेवा पुरवठादारांसाठी अमुक तंत्रज्ञानाची व्यवहार्यता : एक अभ्यास’. शीर्षक वाईट नाही. अडचण आहे ती ‘व्यवहार्यता’ या एका शब्दात. मुलाखतीत समितीतल्या एखाद्या सरांनी शांतपणे विचारलं, “व्यवहार्य म्हणजे काय? कुणासाठी? कोणत्या सालात?” की पुढची दहा मिनिटं अवघड जातात.

म्हणून आज आपण हाच प्रश्न घेऊन तो सुटा करून बघू. सुरुवातीच्या काळातलं ब्रॉडबँड, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं डीएसएल, केबल टीव्हीच्या तारेवरचा केबल मोडेम, गच्च्यांवरून ओढलेली लॅनची वायर आणि साधं वायरलेस. हे लहान इंटरनेटवाल्याला परवडत होतं का, आणि आज परवडेल का? उदाहरणाला गाव घेऊ परभणी जिल्ह्यातलं पाथरी. तुम्ही तुमचा तालुका घ्या. पद्धत तीच राहील.

आधी गाव बघा, मग तंत्रज्ञान

पाथरी हे तालुक्याचं ठिकाण. नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे, साईबाबांचं जन्मस्थान या श्रद्धेनं येणारे भाविक आहेत, दक्षिणेला गोदावरी आहे आणि भोवती ऊस-कापसाची गावं आहेत. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो. रेल्वे मात्र पाथरीला नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची मानवत रोड आणि सेलू ही जवळची स्टेशनं.

इंटरनेटच्या अभ्यासात रेल्वे कुठून आली, असं वाटेल. पण देशातल्या लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबरचा मोठा भाग रेल्वेमार्ग आणि महामार्ग यांच्या कडेनं टाकलेला आहे. २००० साली स्थापन झालेल्या रेलटेलचं जाळं तर रुळांच्या बाजूनंच पसरलं. एखादं गाव त्या रेषेवर आहे की रेषेपासून आत, यावर तिथल्या लहान पुरवठादाराला घाऊक बँडविड्थ विकणारे किती जण भेटतील हे बऱ्याच अंशी ठरतं. विकणारा एकच असेल तर भाव तो सांगेल तो. चार असतील तर घासाघीस करता येते. गावात कोणती वायर ओढली आहे यापेक्षा हा मुद्दा पुष्कळदा मोठा ठरतो. तेव्हा फील्डवर्कच्या वहीत पहिली ओळ ही लिहा: या गावापर्यंत फायबर कुणाकुणाचं येतं?

थोडा कालक्रम

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलनं सुरू केलं. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणानं खाजगी कंपन्यांना दार उघडलं आणि परवान्याचे तीन वर्ग केले. ‘अ’ वर्ग देशभरासाठी, ‘ब’ वर्ग एका दूरसंचार सर्कलसाठी आणि ‘क’ वर्ग एका दुय्यम स्विचिंग क्षेत्रासाठी, म्हणजे ढोबळमानानं जिल्ह्याएवढ्या भागासाठी. परभणी हे असंच एक क्षेत्र. २०१३ च्या युनिफाइड लायसन्समध्ये ‘क’ वर्गाचं प्रवेशशुल्क २० हजार रुपये होतं, तर ‘अ’ वर्गाचं ३० लाख. म्हणजे कागदावर तरी परभणीच्या एखाद्या केबलवाल्याला इंटरनेट कंपनी होता येत होतं.

ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आलं. त्यात ब्रॉडबँड म्हणजे सतत चालू असणारी, किमान २५६ केबीपीएस वेगाची जोडणी अशी व्याख्या होती. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं ‘डेटावन’ सुरू केलं. ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. या तीन आकड्यांकडे नीट बघा. २००५ मध्ये जी जोडणी अभिमानानं ‘ब्रॉडबँड’ म्हणून विकली गेली, ती आज कायद्याच्या भाषेत ब्रॉडबँडच नाही. तंत्रज्ञान तिथंच उभं आहे, पट्टी पुढं सरकली. म्हणूनच ‘कोणत्या सालात?’ हा प्रश्न सरांनी विचारलेला असतो.

धोरणाचं उद्दिष्ट २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचं होतं. प्रत्यक्षात आकडा सुमारे १ कोटी १० लाखांवर राहिला. का राहिला, याचं एक उत्तर पुढच्या भागात आहे.

टेलिफोनची तार : तंत्र चांगलं, मालक दुसरा

डीएसएलचं काम समजून घ्यायला सोपं आहे. तांब्याच्या जोडतारेवर आपला आवाज साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात जातो. त्याच्या वरचा पट्टा रिकामा असतो. एडीएसएल त्या पट्ट्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीचे बारीक कप्पे करतं. मूळ एडीएसएलमध्ये २५६ आणि एडीएसएल२+ मध्ये ५१२ कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यातून सेकंदाला ४,००० चिन्हं जातात आणि एका चिन्हात जास्तीत जास्त १५ बिट बसतात. म्हणजे एका कप्प्याचा कमाल वेग ६० केबीपीएस.

आता अंतर आणा. तार जेवढी लांब तेवढा सिग्नल क्षीण, आणि वरच्या वारंवारतेचे कप्पे आधी मरतात. सिग्नल आणि गोंगाट यांच्यातलं अंतर दर ३ डेसिबलनं घटलं की एका चिन्हातला साधारण १ बिट जातो. समजा ३०० कप्पे चालू आहेत. प्रत्येकी १ बिट गेला, तर ३०० गुणिले ४,०००, म्हणजे १.२ एमबीपीएस गेले. जुना जोड, पावसाळ्यात पाणी शिरलेली खांबावरची डबी, उंदरानं कुरतडलेलं आवरण हे सगळं डेसिबलमध्ये मोजलं जातं. एक्स्चेंजशेजारच्या ग्राहकाला एडीएसएल२+ वर २० एमबीपीएसच्या वर वेग मिळू शकतो. ४-५ किलोमीटरवर तोच वेग एक-दोन एमबीपीएसपर्यंत खाली येतो, त्यापुढे जोडणीच टिकत नाही.

पाथरीच्या बाबतीत याचा अर्थ काय? एक्स्चेंज गावात असेल तर गावठाणातल्या बऱ्याच घरांना डीएसएल तांत्रिकदृष्ट्या चालतं. तालुक्यातली हादगाव, कासापुरी, लिंबा यांसारखी गावं पाथरीच्या एक्स्चेंजवरून जोडायची म्हटलं तर तारेची लांबीच आडवी येते. अशा गावाचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज असलं आणि तिथं डीएसएलचं यंत्र बसवलेलं असलं, तरच जमायचं.

पण लहान पुरवठादाराची खरी अडचण याच्याही आधीची आहे. ती तार त्याची नव्हतीच. तांब्याचं जाळं बीएसएनएलचं. जगात काही देशांनी कायदा केला की जुन्या कंपनीनं आपली शेवटच्या टप्प्याची तार ठरावीक भाड्यानं इतरांना द्यावी. याला लोकल लूप अनबंडलिंग म्हणतात. ट्रायनं एप्रिल २००४ मध्ये तशी शिफारस केली होती. धोरणात मात्र सक्ती आली नाही. दोन्ही पक्षांनी आपसात व्यापारी करार करावा, एवढंच म्हटलं गेलं. आता बीएसएनएलसारखी जिल्हाभर जाळं असलेली कंपनी आणि परभणीतला एखादा ‘क’ वर्गाचा परवानाधारक यांच्यात ‘आपसातला करार’ कसा होणार, याचा विचार तुम्हीच करा.

इथं संशोधनाच्या दृष्टीनं एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. डीएसएल हे तंत्रज्ञान म्हणून व्यवहार्य होतं, बीएसएनएलसाठी व्यवहार्य होतं, लहान पुरवठादारासाठी मात्र नव्हतं. कारण भौतिकशास्त्रात नसून मालकीत होतं. ‘तंत्रज्ञानाची व्यवहार्यता’ एवढंच लिहून थांबलात तर हे निसटतं.

केबलची तार : मालक आपला, रस्ता एकेरी

मग केबलवाला? तार त्याची, ग्राहक त्याचे, दर महिन्याला वसुलीला जाणारा मुलगाही त्याचा. अमेरिकेत केबल मोडेमचं डॉक्सिस हे मानक १९९७ मध्येच आलं होतं. केबलवरच्या एका टीव्ही चॅनेलएवढ्या जागेत, युरोपीय पद्धतीच्या ८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात, सुमारे ५० एमबीपीएस बसतात. हा वेग त्या भागातल्या सगळ्या ग्राहकांत वाटला जातो.

अडचण अशी की टीव्हीचा सिग्नल एकाच दिशेनं जातो, कंट्रोल रूमपासून घराकडे. इंटरनेटला परतीचा रस्ता लागतो. त्यासाठी वाटेतला प्रत्येक अॅम्प्लिफायर दुहेरी हवा. आपल्याकडच्या तालुक्याच्या केबल जाळ्यात अॅम्प्लिफायर एकेरी, जोड हातानं पिळलेले आणि तारेचा दर्जा मिळेल तो. परतीच्या पट्ट्यात आणखी एक त्रास असतो. सगळ्या घरांतला गोंगाट फनेलसारखा एकत्र होऊन कंट्रोल रूमला पोहोचतो. एका घरातला सैल जोड अख्ख्या गल्लीचं इंटरनेट खराब करू शकतो. वर कंट्रोल रूममधलं मुख्य यंत्र, ज्याला सीएमटीएस म्हणतात, ते शेकडो-हजारो ग्राहकांचा हिशोब धरून बनवलेलं. पहिल्या पन्नास ग्राहकांसाठी ते घ्यायचं कसं?

गच्चीवरची वायर : पुस्तकात न बसणारं, पण चाललेलं

मग केबलवाल्यांनी काय केलं? त्यांनी ऑफिसमध्ये वापरायची लॅनची वायर घेतली आणि गच्चीवरून गच्चीवर ओढली. लॅनच्या वायरला १०० मीटरची मर्यादा असते, म्हणून दर शे-दीडशे फुटांवर किंवा जमेल तिथं कुणाच्या तरी जिन्यात, पत्र्याच्या डब्यात एक स्विच. त्या स्विचला वीज त्याच घरातून, बदल्यात त्या घराला जोडणी फुकट किंवा स्वस्त. ग्राहकाला युजरनेम-पासवर्ड दिला की काम झालं. देशभरातल्या शहरांत आणि गावांत ‘केबल इंटरनेट’ म्हणून जे विकलं गेलं, त्यात खऱ्या केबल मोडेमपेक्षा हाच प्रकार फार होता.

अभियांत्रिकीच्या पुस्तकाप्रमाणे हे चुकीचं आहे. ती वायर उघड्यावर लावायची नसते. जूनमध्ये वळवाचा पाऊस आला आणि जवळपास वीज पडली की एका रात्रीत अनेक स्विचचे पोर्ट जळतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात साखळीतला एक जिना अंधारात गेला की पुढची सगळी घरं बंद. तरीही हे मॉडेल टिकलं, कारण एका ग्राहकासाठी लागणारा पहिला खर्च अगदी कमी होता आणि तो ग्राहक आल्यावरच करायचा होता. सीएमटीएससारखी आधी मोठी रक्कम अडकत नव्हती. वायर तुटली तर गल्लीतला पोरगा शिडी घेऊन यायचा.

आपल्या विषयातला हा धडा लक्षात ठेवा: लहान धंद्याला एकूण खर्चाइतकाच तो खर्च कोणत्या क्रमानं येतो हेही महत्त्वाचं असतं.

२५६ केबीपीएसचा हिशोब आणि आजचा हिशोब

आता आकडेमोड करू. २००९ मध्ये ट्रायनं घरगुती ब्रॉडबँडसाठी कंटेन्शन रेशो, म्हणजे एकाच क्षमतेत किती ग्राहक वाटेकरी असावेत याचं प्रमाण, १:५० असं सांगितलं. समजा पाथरीत तेव्हा एका पुरवठादाराचे ५०० ग्राहक होते आणि प्रत्येकाला २५६ केबीपीएस विकले होते. ५०० गुणिले २५६ भागिले ५० केलं की उत्तर येतं २.५६ एमबीपीएस. म्हणजे २ एमबीपीएसच्या एका लीज्ड लाइनपेक्षा थोडं जास्त! एवढ्यावर ५०० घरं नियमात बसवता येत होती. ईमेल, परीक्षेचा निकाल, सातबाऱ्याची माहिती एवढाच वापर असताना ते चालूनही जायचं.

आज संध्याकाळी आठ ते अकरा या वेळेत तेच ५०० ग्राहक व्हिडिओ बघतात. समजा त्या वेळेची सरासरी मागणी माणशी फक्त १ एमबीपीएस धरली, तर एकूण लागतात ५०० एमबीपीएस. जवळपास २०० पट. डॉक्सिसच्या एका चॅनेलच्या ५० एमबीपीएसमध्ये ही मागणी मावतच नाही.

काचेच्या तारेचा हिशोब शेजारी ठेवा. जीपॉन या फायबर मानकात एका पोर्टवर सुमारे २.४८ जीबीपीएस उतरतात आणि ते ६४ घरांत वाटले तरी प्रत्येकाला सरासरी ३८ एमबीपीएस येतात. प्रकाश पोहोचेल का, हेही तपासता येतं. नेहमीच्या दर्जाच्या उपकरणात २८ डेसिबलपर्यंत तोटा चालतो. ६४ घरांच्या विभाजकात सुमारे २०.५, आठ किलोमीटर फायबरमध्ये २.८ आणि जोडांत समजा २. बेरीज २५.३. बसलं. आठ किलोमीटरवरच्या गावालाही तोच वेग मिळतो आणि वाटेत कुठंही वीज लागत नाही. वीज लागते ती फक्त दोन्ही टोकांना. काच विजेची वाहक नसल्यानं पोर्ट जळण्याचा धोकाही खूप उतरतो. आपल्या भागातल्या पुरवठादाराला हा फायदा वेगाइतकाच मोलाचा वाटतो.

मग जुनं स्वस्तात मिळालं तर?

“पण सर, जुनी डीएसएलची यंत्रं भंगारच्या भावात मिळतात, मग परवडेल ना?” हा प्रश्न खरंच येतो. उत्तरासाठी छोटं सूत्र मांडू:

लागणारे ग्राहक = महिन्याचा स्थिर खर्च ÷ (दर − देखभाल − बँडविड्थ − जोडणीचा मासिक भार)

खालचे आकडे केवळ उदाहरणापुरते मानलेले आहेत, कुठल्याही सर्व्हेतले नाहीत. स्थिर खर्च, म्हणजे पगार, जागा, हिशोब, परवान्याच्या अटी, मिळून ५०,००० रुपये. दर ४०० रुपये. देखभाल आणि वसुली माणशी १००. जोडणीला एकदाच २,४०० रुपये आणि ग्राहक सरासरी २४ महिने टिकतो, म्हणून भार महिना १००. घाऊक बँडविड्थ १०० रुपये प्रति एमबीपीएस.

संध्याकाळची मागणी माणशी पाव एमबीपीएस असेल तर बँडविड्थचा खर्च २५. कंसात उरतात १७५. लागणारे ग्राहक २८६. मागणी १ एमबीपीएस झाली तर कंसात १०० आणि ग्राहक ५००. दीड झाली तर ५० आणि १,०००. दोन झाली तर कंसात शून्य, म्हणजे कितीही ग्राहक जोडा, धंदा उभा राहत नाही. मागणी पाव-पाव वाढते, पण लागणाऱ्या ग्राहकांचा आकडा उड्या मारतो. पाथरीएवढ्या गावात हजार ग्राहक मिळवणं आणि तीनशे मिळवणं यांत किती फरक आहे, हे तिथल्या कुणालाही विचारा.

आता भंगारातलं यंत्र आणा. जोडणीचा खर्च निम्मा, १,२०० रुपये, म्हणजे भार महिना ५०. छान. पण दुरुस्ती वाढली आणि देखभाल १०० ची १६० झाली. मागणी पावच धरली तरी कंसात उरतात १६५ आणि ग्राहक लागतात ३०३. यंत्र निम्म्या किमतीत मिळूनही हिशोब बिघडला. ग्राहक २४ ऐवजी १२ महिन्यांतच सोडून गेला तर मूळ उदाहरणातही कंसात ७५ उरतात आणि ग्राहक ६६७ लागतात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला. तेव्हा लहान पुरवठादारांवर पहिला घाव कुठं बसला असेल, हे या ओळीवरून ताडता येतं.

स्थिर खर्चातही बघण्यासारखं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं परवान्याच्या अटी बदलल्या आणि ग्राहकांच्या वापराच्या नोंदी एकाऐवजी दोन वर्षं जपणं बंधनकारक केलं. हा खर्च लाखो ग्राहकांवर वाटला तर दिसत नाही, तीनशेंवर वाटला तर दिसतो. म्हणूनच तालुक्यात दिसणारे पुष्कळ ‘इंटरनेटवाले’ स्वतः परवानाधारक नसतात. ते मोठ्या कंपनीचे किंवा बीएसएनएलच्या फायबर योजनेचे भागीदार असतात आणि महसुलात वाटा घेतात. तुमच्या अभ्यासात ‘लहान पुरवठादार’ म्हणजे परवानाधारक की भागीदार, हे पहिल्याच प्रकरणात ठरवा. दोघांचे ताळेबंद वेगळे असतात.

जुन्याला कुठंच जागा नाही का?

आहे. भाविकांसाठी बांधलेल्या एखाद्या जुन्या लॉजमध्ये खोल्याखोल्यांत टेलिफोनची तार आधीच असेल, तर इमारतीच्या दारापर्यंत फायबर आणून आत डीएसएल चालवता येतं. शंभर मीटरवर डेसिबलचा प्रश्नच उरत नाही. शेतातल्या आखाड्यावर एकच घर असेल तर तिथं फायबर टाकण्यापेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वायरलेस बरं. ऑक्टोबर २०१८ पासून या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त आहे. गोदाकाठचा सपाट मुलूख त्याला सोयीचा, फक्त मधली झाडं टाळायला उंची लागते. आयआयटी मुंबईच्या गटानं पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यावर गावं जोडण्याचा प्रयोग केला आहे, तो अवश्य वाचा.

आणि वारणेचं उदाहरण तर प्रत्येकानं वाचावं. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातली ७० गावं संगणक केंद्रांनी जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पुढे संशोधकांनी पाहिलं की शेतकरी केंद्रावर येतात ते मुख्यतः ऊस आणि खताच्या नोंदींसाठी. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या गटानं सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसनं तेच काम करून दाखवलं. त्या गरजेला ब्रॉडबँड लागतच नव्हतं. ‘कोणतं तंत्रज्ञान?’ विचारण्याआधी ‘कोणत्या कामासाठी?’ विचारलं, म्हणून हा निष्कर्ष हाती आला.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता सुरुवातीच्या शीर्षकाकडे या. ‘व्यवहार्यता’ या शब्दाचे आता निदान चार प्रश्न झाले आहेत. सिग्नल पोहोचतो का? शेवटच्या टप्प्याची तार कुणाची आणि ती वापरू देतात का? संध्याकाळच्या मागणीवर हिशोब बसतो का? आणि हा हिशोब किती वर्षं टिकतो? यातला एक निवडा. चारही एका पीएचडीत होत नाहीत.

माहिती कुठून आणायची? ट्रायचे तिमाही अहवाल मोफत मिळतात, पण ते परवाना क्षेत्रापर्यंतच उतरतात. त्यात पाथरी शोधू नका. दूरसंचार विभागाची परवानाधारकांची यादी वर्गवार असते. २०११ च्या जनगणनेत घरात संगणक आणि इंटरनेट आहे का, हे विचारलं होतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीतही घरगुती इंटरनेटची माहिती आहे. तालुक्याच्या पातळीवरचं चित्र मात्र तुम्हालाच गोळा करावं लागेल.

ते करताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली: तुम्हाला आज भेटणारे पुरवठादार हे टिकलेले आहेत. बंद पडलेले शोधा. पूर्वी जोडणी दिलेली जुनी पावती, गच्चीवर लोंबणारी मेलेली वायर, आता मोबाइल दुरुस्ती करणारा माजी ऑपरेटर यांच्याकडे अर्धं उत्तर असतं. फक्त टिकलेल्यांना विचारून काढलेला निष्कर्ष नेहमी गोड येतो.

दुसरी: वेग मोजायचा तर सकाळी अकराला मोजून उपयोग नाही. किमान दोन आठवडे, रोज रात्री नऊच्या सुमाराला, वायरनं जोडलेल्या संगणकावर मोजा. एक नोंद पावसाळ्यातली आणि एक उन्हाळ्यातली हवी. भारनियमनाच्या वेळा शेजारच्या रकान्यात लिहा, नाहीतर वीज गेल्याचा दोष तुम्ही वायरला द्याल.

तिसरी: गावात तीनच पुरवठादार असतील तर ‘ऑपरेटर क’ असं लिहून ओळख लपत नाही. वाचणाऱ्याला लगेच कळतं. कोण किती कमावतो, किती तोट्यात आहे, ही माहिती त्याच्या स्पर्धकाच्या आणि घाऊक विक्रेत्याच्या उपयोगाची असते. संमतीपत्र मराठीत द्या, वाचून दाखवा आणि आकडे गावनिहाय न देता अनेक गावांचे एकत्र करून द्या.

एवढी काळजी कशासाठी? २०२४ च्या अखेरीस देशात सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते, पण तारेनं जोडलेले त्यात फक्त ४ कोटींच्या आसपास. बाकी सगळा भार मोबाइलवर. पीक विम्याची शेवटची तारीख, सीईटीचा अर्ज, शिष्यवृत्तीचं पोर्टल या दिवशी टॉवरवर गर्दी झाली की तालुक्यातल्या पोरांना कळतं की एकाच प्रकारच्या जोडणीवर विसंबणं म्हणजे काय. गावात दुसरी तार आणणारा बहुधा हाच लहान पुरवठादार असतो. ‘जुनं तंत्रज्ञान, अव्यवहार्य’ असं एका ओळीत लिहून मोकळं होणं सोपं आहे. तो टिकायला नक्की काय लागतं, बँडविड्थचा भाव, खांबांवर वायर नेण्याची परवानगी की तीनशे जास्तीचे ग्राहक, हे आकड्यांनिशी सांगणारा प्रबंध धोरण ठरवणाऱ्याच्या टेबलावर जाऊ शकतो.

गृहपाठ म्हणून वरच्या सूत्रात तुमच्या गावाचे आकडे घाला. दर आणि देखभाल दोन चहांत कळेल. घाऊक बँडविड्थचा भाव सहजासहजी कुणी सांगणार नाही. तो मिळवण्यासाठी विश्वास कमवावा लागेल, आणि तिथूनच तुमच्या फील्डवर्कला सुरुवात होईल.